तारेतून मोरचूद, मोरचुदातून तांबे: अर्ध्या ग्रॅमच्या नोंदी

७ डिसेंबर २०२४, शनिवार

विषय मिळाला. असेंद्रिय रसायनातले एक मूलद्रव्य निवडायचे आणि त्याच्या संयुगांचा अभ्यास करायचा. वर्गात तिघींनी लोखंड उचलले, दोघांनी अॅल्युमिनियम. आम्ही दोघींनी तांबे घेतले. कारण उदात्त वगैरे नाही. कपाटात मोरचुदाची बाटली भरलेली दिसली, आणि तांब्याचे सगळे काही रंगीत असते एवढे बारावीपासून माहीत होते.

आमच्या कागदावर शीर्षक होते ‘तांब्याच्या संयुगांचे रंग’. मॅडमनी ते वाचले आणि खोडले. म्हणाल्या, “रंग सगळेच दाखवतात. तुम्ही वजन दाखवा.”

म्हणजे असे: मोजून अर्धा ग्रॅम तांबे घ्यायचे. त्याचे नायट्रेट करायचे, मग हायड्रॉक्साइड, मग ऑक्साइड, मग सल्फेट, आणि शेवटी जस्त घालून परत तांबे. वाटेत काही हरवले नाही तर अर्धा ग्रॅमच हाती यायला हवे. गणित घरीच करून टाकले. तांब्याचे अणुवस्तुमान ६३.५५. कॉपर ऑक्साइडचे ७९.५५. मोरचूद, म्हणजे पाच पाणी धरून बसलेले कॉपर सल्फेट, २४९.६८. तेव्हा ०.५०० ग्रॅम तांब्याचे ०.६२६ ग्रॅम ऑक्साइड व्हायला पाहिजे, आणि मोरचुदाचे स्फटिक काढलेच तर १.९६५ ग्रॅम. स्फटिक काढायचे नाहीत असे ठरले. गाळण्याची एक पायरी कमी, तेवढी सांडलवंड कमी.

जोडीदारीण म्हणाली, सोपे आहे, दोन शनिवारांत संपेल.

१४ डिसेंबर, शनिवार

तार मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आणली होती. लालसर, चकचकीत, एकसारखी. ०.५१२ ग्रॅम तोलली. फ्यूम कपबोर्डचा पंखा बटण दाबून फिरत नाही, प्रयोगशाळेतले मामा लाकडी पट्टीने पाते ढकलून देतात तेव्हा फिरतो. तो फिरायला लागल्यावर तारेवर ४ मिली तीव्र नायट्रिक आम्ल घातले.

एक-दोन सेकंद काहीच नाही. मग तार फसफसायला लागली आणि बीकर तपकिरी धुराने भरला. नायट्रोजन डायऑक्साइड. पुस्तकात हा वायू ‘तपकिरी रंगाचा व विषारी’ एवढ्यात संपतो. प्रत्यक्षात काचेपलीकडे असूनही आम्ही दोघी एक पाऊल मागे सरकलो. द्रावण आधी गर्द हिरवे होते. पाणी घातल्यावर निळे झाले, कारण हिरवेपणा बराचसा विरघळलेल्या वायूंचा होता.

शेजारच्या परीक्षानळीत त्याच तारेचा तुकडा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून ठेवला. त्याला काही होत नाही. धातूंच्या क्रियाशीलतेच्या यादीत तांबे हायड्रोजनच्या खालच्या बाजूला बसते, +०.३४ व्होल्टवर. साध्या आम्लातला हायड्रोजन हुसकून लावण्याची त्याची ताकद नाही. नायट्रिक आम्लात काम करते ते नायट्रेट. तेच तांब्याचे ऑक्सिडीभवन करते आणि स्वतः तपकिरी धूर होऊन जाते. हे परीक्षेत लिहिले होते, पण दोन नळ्या शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

आता घोटाळा. निळ्या द्रावणावर पातळ, मधाच्या रंगाच्या कात्यांसारखे काहीतरी तरंगत होते. सापाच्या कातीसारखे, नळीच्या आकाराचे. मामांनी वाकून पाहिले आणि हसले. वाइंडिंगची तार उघडी नसतेच, तिच्यावर व्हार्निश असते. नाहीतर मोटारीत वेढ्याला वेढा लागून ती जळाली नसती का? एवढी साधी गोष्ट. कात्या गाळून, धुऊन, वाळवून तोलल्या: ०.०१९ ग्रॅम. म्हणजे आम्ही ज्याला तांबे म्हणत होतो त्यातले जवळपास पावणेचार टक्के तांबे नव्हतेच.

पहिली फेरी रद्द. द्रावण ‘तांबे, टाकाऊ’ अशी चिठ्ठी लावून बरणीत ओतले. मोरीत ओतायचे नाही असे मॅडमचे सांगणे आहे, माशांना आणि शेवाळाला तांबे अगदी थोडेही सोसत नाही. बरणीत जुने खिळे टाकून ठेवले आहेत, त्यांच्यावर तांबे बसत राहते.

१७ डिसेंबर, मंगळवार

नवी तार: घरातल्या वायरिंगच्या केबलचे प्लास्टिक सोलून आतल्या तारा. सँडपेपरने घासल्या, स्पिरिटने पुसल्या. ०.५०० ग्रॅम, तिसऱ्या दशांशापर्यंत. हे जमवायला तार चौदा वेळा कापली. विरघळवली, झाकून ठेवली. यावेळी वर काही तरंगले नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने. बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवून, कारण आम्ल आणि आम्लारी भेटले की द्रावण चांगलेच तापते. आधी काही होत नाही, उरलेले नायट्रिक आम्ल सोडा खाऊन टाकते. मग एकदम, एका थेंबासरशी, निळा दाट अवक्षेप. आंब्याच्या झाडांना खोडाला लावतात त्या मलमाच्या रंगाचा. लिटमस निळा होईपर्यंत घालत राहिलो.

मग बीकर तापवला. कॉपर हायड्रॉक्साइडला पाण्यात असतानाही ऊब सोसत नाही. पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी ते आपले पाणी टाकून काळे ऑक्साइड होते. निळ्यातून काळे होताना मधे एक मिनिटभर घाणेरडा हिरवट रंग येतो, त्याचे वर्णन आमच्या पुस्तकात केलेले नाही.

ढवळत राहा, असे मॅडमनी दोनदा सांगितले होते. मी ढवळत होते. जोडीदारीण वेळ लिहीत होती. तिने काहीतरी विचारले, मी मान वळवली, काचकांडी थांबली. तळाशी जड ऑक्साइड बसले की त्याच्याखाली वाफ कोंडते. एक ढेकर आल्यासारखा आवाज झाला आणि बीकरने उसळी घेतली. काळे शिंतोडे टेबलाच्या पांढऱ्या टाइलवर, एक माझ्या एप्रनवर. किती गेले कळायला मार्ग नाही.

नोंदवहीत जोडीदारणीने लिहिले: ‘किंचित हानी.’ मी ते खोडून ‘हानी, मोजलेली नाही’ असे केले.

साका तळाशी बसू दिला, निवळी ओतून काढली, गरम पाणी घातले, पुन्हा निवळी काढली. चार वेळा. बीकरच्या काचेला आतून एक काळे कडे चिकटून बसले आहे, ते काही निघत नाही. ऑक्साइड दुसऱ्या बीकरमध्ये घेतले आणि पहिला बीकर न धुताच कपाटात सारला. कंटाळा आला होता, दुसरे काही कारण नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

सुट्टीनंतर. ऑक्साइडवर १० मिली विरल सल्फ्युरिक आम्ल घातले, किंचित गरम केले. काळी भुकटी गेली आणि स्वच्छ निळे द्रावण उरले, धूर नाही, बुडबुडा नाही. तांब्याच्या तारेला याच आम्लाने हात लावला नसता. ऑक्साइडमध्ये तांब्याचे इलेक्ट्रॉन आधीच गेलेले आहेत, आम्लाला फक्त ऑक्सिजनशी पाणी जुळवायचे असते. हा फरक आज नीट डोक्यात बसला. तो पुढच्या आठवड्यात कामाला येणार आहे हे तेव्हा माहीत नव्हते.

मग जस्त, २ ग्रॅम, दाणेदार. प्रत्येक दाण्यावर लगेच विटकरी रंगाची साय चढली. बुडबुडे भरपूर, कारण जस्त तांब्याशी देवाणघेवाण करता करता जास्तीच्या आम्लातून हायड्रोजनही सोडत असते. बर्नर लांब ठेवला होता. वीस मिनिटांत निळा रंग फिका होत गेला आणि द्रावण पाण्यासारखे झाले. वस्तुतः त्यात आता जस्ताचे सल्फेट आहे, पण जस्ताच्या आयनाचे दहाही डी-इलेक्ट्रॉन भरलेले असल्याने त्याला रंग नाही. अमोनियाचा थेंब टाकून पाहिला, निळे काही आले नाही. म्हणजे द्रावणात तांबे उरलेले नाही.

गाळले, धुतले, ११० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवले, जेवून आलो, तोलले.

०.५३४ ग्रॅम.

अर्ध्या ग्रॅममधून ०.५३४. एकशे सहा पूर्णांक आठ टक्के. आणि यात टेबलावर उडालेले धरलेले नाही. जोडीदारीण आधी खूश झाली. मॅडमनी आकडा पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, “नव्वद आले असते तर मी सही केली असती.”

५ जानेवारी, रविवार, घरी

आजी मागच्या पडवीत देवाची भांडी घासत बसली होती. तांब्याचे ताम्हण, पळी, पंचपात्र. पावसाळ्यात तर दोन दिवसांत ती काळपट होतात, आणि कोपऱ्यात, नक्षीच्या खाचेत हिरवा कळंक धरतो. काळपट ते ऑक्साइड, हिरवे ते मुख्यतः हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आणि दमटपणाने केलेले तांब्याचे कार्बोनेट. आजी चिंचेचा कोळ आणि मीठ लावते, दोन मिनिटे ठेवते, चोळते. ताम्हण खालून आलेल्या उजेडासारखे गुलाबी होते. परातीतले पाणी हिरवट निळे.

मी विचारले, चिंचेने तांबे झिजत नाही का? तिने माझ्याकडे पाहिले. “कळंक इलो तर चिंच लाव, जातलो. ताम्हण खंय जाता?” हे ताम्हण तिच्या सासूचे आहे, तेव्हा प्रश्नच मिटला.

मी तिथेच थांबले. आम्ल कळंक नेते, तांबे ठेवते. चिंचेतले टार्टारिक आम्ल असो की बाटलीतले सल्फ्युरिक. आणि आमची ओव्हनमधून काढलेली भुकटी कशी दिसत होती? गुलाबी नव्हती. काथ्याच्या रंगाची होती, कडेला चॉकलेटी. इतकी बारीक, ओली भुकटी ११० अंशांच्या हवेत दोन तास. आम्ही तांबे वाळवले नव्हते, भाजले होते.

आजीला सांगितले की तुझ्यामुळे प्रकल्प वाचला. ती म्हणाली मग ती परात धुऊन ठेव.

(कल्हईवाल्याबद्दलही तिने बरेच सांगितले. भाता, नवसागर, कथील, कापसाचा बोळा. नवसागर तापला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि तांब्यावरचे ऑक्साइड फाडतो, मग २३२ अंशांना वितळणारे कथील त्या उघड्या पृष्ठभागाला धरते. ताक किंवा कढी बिनकल्हईच्या भांड्यात ठेवली की कळकते, ती का, हेही यातच आले. पण तो वेगळा प्रकल्प होईल.)

११ जानेवारी, शनिवार

भुकटी परत बीकरमध्ये, वर कोमट विरल सल्फ्युरिक आम्ल. अंदाज असा की ऑक्साइड विरघळेल, द्रावण निळे होईल.

तसे झाले नाही. आधी बुडबुडे आले. पाच-सात मिनिटे बारीक बुडबुडे येत राहिले आणि द्रावण रंगहीनच. ते थांबले तेव्हा कुठे निळसर झाक आली आणि हळूहळू वाढली.

यावर आमचे बरेच डोके चालले. बुडबुडे तांब्याचे असूच शकत नाहीत, ते १४ डिसेंबरच्या नळीने सांगितलेच आहे (तुकडा अजून तसाच आहे, फक्त स्वच्छ झाला आहे). म्हणजे आत जस्त उरले होते. दाण्यावर तांब्याचा लेप बसल्यामुळे ते दिसत नव्हते, आणि निळा रंग गेला म्हणून जस्तही संपले असे आम्ही धरून चाललो होतो. आता निळे उशिरा का आले? ऑक्साइड विरघळत पहिल्यापासून असणार. पण जस्त शिल्लक असेपर्यंत विरघळलेले तांबे लगेच त्याच्यावर परत बसत होते. जस्त संपले, मग तांब्याला द्रावणात राहायला जागा झाली. मॅडमना सांगितले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान हलवली.

धुवण सांभाळून ठेवले, एका बाटलीत, ‘११ जाने. धुवण’ अशी चिठ्ठी लावून. भुकटी आता खरोखर तांब्याच्या रंगाची. पाण्याने, मग स्पिरिटने धुतली. ओव्हन नाही, डेसिकेटर, म्हणजे ओल शोषून घेणारे बंद भांडे.

सोमवारी ०.४६१. मंगळवारी, संक्रांतीची सुट्टी असून मामांनी उघडून दिल्यामुळे, पुन्हा ०.४६१. वजन स्थिर. ९२.२ टक्के.

सही मिळाली असती. पण आता ३९ मिलिग्रॅम कुठे आहेत ते शोधायचे असे आम्ही ठरवले आहे. मॅडमनी सांगितलेले नाही, आमचेच खूळ.

१८ जानेवारी, शनिवार

आज रंग. सहा परीक्षानळ्यांत मोरचुदाचे एकच द्रावण.

अमोनियाचे चार थेंब: फिका निळा अवक्षेप. आणखी अमोनिया: अवक्षेप नाहीसा आणि शाईपेक्षा गडद निळे. एका तांब्याभोवती चार अमोनिया जाऊन बसतात, पाण्याला बाजूला सारून. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल: पिवळट हिरवे, तिथे चार क्लोराइड. त्याच नळीत पाणी ओतत गेले की परत निळे, कारण पाणी संख्येने जिंकते. पोटॅशियम आयोडाइड घातले तर चिखल. तपकिरी चिखल. तो स्थिरावला की खाली पांढरा साका दिसतो आणि वर तपकिरी पाणी. इथे तांबे आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन घेऊन एक-धन झाले. त्याचेही दहा डी-इलेक्ट्रॉन आता पूर्ण, म्हणून कॉपर आयोडाइड पांढरे, जस्ताच्याच कारणाने. तपकिरी ते सुटलेले आयोडीन. एका तांब्यामागे अर्धा रेणू आयोडीन, अगदी नेमाने. मोजायचे हत्यार हेच आहे, त्यावर पुढच्या शनिवारी.

सर्वांत जास्त वेळ मात्र मोरचूद तापवण्यात गेला. शुद्ध मोरचुदाचे २.००० ग्रॅम १२० अंशांवर ओव्हनमध्ये कालपासून ठेवले होते. आज १.४२४. चार पाणी गेली तर १.४२३ यायला हवे. इतके जवळ येईल असे वाटले नव्हते. रंग जवळजवळ गेलेला, पहाटेच्या आभाळाइतका निळा उरलेला. पाचवे पाणी मात्र तिथून हलत नाही. स्फटिकात चार पाणी तांब्याला चारी बाजूंनी धरून असतात आणि पाचवे तांब्याला लागलेलेच नसते, हायड्रोजन बंधांनी सल्फेटशी अडकलेले असते. बीव्हर्स आणि लिप्सन यांनी १९३४ मध्ये क्ष-किरणांनी ही रचना उलगडली. बर्नरवर चायना डिशमध्ये हलक्या आचेने तापवले तेव्हा ते गेले: पांढरीशुभ्र भुकटी, १.२८१ ग्रॅम. घट ३५.९५ टक्के, पुस्तकी आकडा ३६.०८.

एक थेंब पाणी टाकले. निळा डाग, आणि डिश हाताला गरम. जोडीदारणीने आणखी सात थेंब टाकले, कामाशिवाय.

१९ जानेवारी, रविवार, काकांच्या बागेत

काकांची सुपारी आहे, ओहोळाच्या कडेने. कोळेरोगाने घड गळतात म्हणून पाऊस लागण्याच्या तोंडाशी ते बोर्डो मिश्रण मारतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगळ्या पिंपांत भिजवायचे, लोखंडी भांडे वापरायचे नाही, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवायचे.

ते बरोबर झाले की नाही हे काका विळ्याने पाहतात. घासलेले पाते मिश्रणात थोडा वेळ धरायचे. पाते लाल झाले तर चुना कमी, आणखी घाला. लाल नाही झाले तर मारायला हरकत नाही. लोखंडाने तांबे हुसकणे, आमच्या जस्तासारखेच. चुना पुरेसा असेल तर तांबे सगळे हायड्रॉक्साइडसारख्या न विरघळणाऱ्या रूपात बांधलेले असते, पात्यावर बसायला मोकळे काही नसते. आणि मोकळे तांबे पानांना भाजते. बुरशीला मारायला पानावरच्या थेंबात किंचित किंचित सुटणारे पुरते.

मी काकांना या मिश्रणाची जन्मकथाही ऐकवली. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मालक मोरचूद-चुना शिंपडत, वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. १८८२ मध्ये मिलार्दे या प्राध्यापकांच्या लक्षात आले की नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ मध्ये त्यांनी कृती छापली. काका म्हणाले, म्हणजे चोरांमुळे लागलेला शोध. आमच्याकडे माकडांमुळे काही लागतो का बघ.

गेल्या वर्षीच्या पिशवीतले मूठभर मोरचूद घेऊन आले. रंग जरा हिरवट वाटतो.

२५ जानेवारी, शनिवार

हिरवटपणाचा संशय आधी. काकांच्या मोरचुदाच्या द्रावणात दोन थेंब नायट्रिक आम्ल, गरम, मग भरपूर अमोनिया. तांबे गडद निळे होऊन विरघळले आणि तळाला तपकिरी भुगा राहिला. लोखंड. थोडेसेच, पण आहे.

हे लोखंड मोजणीत फसवते. फेरिक आयनही आयोडाइडमधून आयोडीन सोडतो आणि तांब्याच्या नावावर खपतो. म्हणून सोडियम फ्लुओराइड घालून त्याला आधी बांधून टाकायचे. मग अॅसेटिक आम्ल, पोटॅशियम आयोडाइड, आणि ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या नळीतून, सोडियम थायोसल्फेट; ते सुटलेले आयोडीन खाऊन टाकते. तपकिरी फिके पिवळे झाले की स्टार्च, निळे-काळे गेले की थांबायचे. शेवटाकडे थोडे पोटॅशियम थायोसायनेट घालतात, पांढऱ्या साक्याला चिकटून बसलेले आयोडीन सुटे व्हावे म्हणून. पहिल्या वेळी ते विसरलो आणि गेलेला निळा रंग दर अर्ध्या मिनिटाने परत येत राहिला, उधारी मागायला येणाऱ्यासारखा.

थायोसल्फेट पोटॅशियम डायक्रोमेटवर पडताळून घेतले: ०.०९८४ मोलर. मोरचूद ०.६३० ग्रॅम, ब्युरेट २४.६ मिली. तांबे १५३.८ मिलिग्रॅम, म्हणजे २४.४ टक्के. शुद्ध मोरचुदात २५.४५ असते. काकांची पिशवी ९६ टक्क्यांच्या आसपास. फोन केला. ‘म्हणजे चांगली की वाईट?’ वापरायला चांगली. ‘मग झाले.’

१ फेब्रुवारी, शनिवार

११ जानेवारीच्या धुवणाची पाळी. थायोसल्फेट पाचपट विरल करून घेतले, ०.०१९७ मोलर, म्हणजे एका मिलीला १.२५ मिलिग्रॅम तांबे. आधी अमोनियाने आम्ल मारले, निळे दिसले की थांबून अॅसेटिक आम्ल. जस्त द्रावणात आहे, पण आयोडाइडशी त्याचे काही वैर नाही.

१६.८ मिली. २१ मिलिग्रॅम.

आता ०.५३४ चा हिशेब लागतो. ४६१ खरे तांबे. २१ तांबे ऑक्साइडच्या रूपात होते, ऑक्सिजन धरून २६. उरलेले ४७ मिलिग्रॅम मुख्यतः जस्त आणि ओल. म्हणजे १०६.८ टक्के हा आकडा एका कमतरतेवर दोन चुका चढवून बनला होता. त्या जरा वेगळ्या प्रमाणात झाल्या असत्या तर बरोबर १०० टक्के आले असते आणि आम्ही पेढे वाटले असते.

मिळालेले तांबे ४८२. अजून १८ बाकी.

८ फेब्रुवारी, शनिवार

कपाट आवरताना मामांनी विचारले, हा घाणेरडा बीकर कोणाचा?

२१ डिसेंबरचा. काळे कडे तसेच. कंटाळ्याचा इतका फायदा आधी कधी झालेला नाही. विरल सल्फ्युरिक आम्ल फिरवले, कडे दोन मिनिटांत गेले. अमोनिया घातला तर निळे, स्पष्ट निळे. मोजले: ७.२ मिली, ९ मिलिग्रॅम.

४९१. म्हणजे ९८.२ टक्के. राहिले ९.

जोडीदारीण टेबलाशी वाकली. टाइलच्या सांध्यात, सिमेंटवर, चार-पाच काळे ठिपके अजून आहेत. कापसाच्या बोळ्यावर आम्ल घेऊन एक पुसला, बोळ्यावर अमोनिया सोडला. निळा झाला. बाकीचे ठिपके पुसून मोजायचे तर आम्लाने सिमेंटच विरघळायला लागते, तेव्हा तिथे थांबलो. मॅडमनी वहीवर सही केली आणि ‘हानी, मोजलेली नाही’ या ओळीखाली पेन्सिलने लिहिले: सुमारे ९ मिग्रॅ, टेबल क्र. ४.

एप्रनवरचा ठिपका आईने आधीच लिंबाने काढला आहे.